टिंगीची ट्रिंग आणि पिवळी वायर

डोंगराच्या पोटाशी एक ऑफिस होतं.

ऑफिसात एक टेबल. टेबलावर एक फोन. फोनात एक टिंगी.

टिंगी केवढी? शेंगदाण्याएवढी. छे, त्याहून लहान. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. तिच्याकडे एकच वस्तू होती. एक ट्रिंग. फोन आला की टिंगी ट्रिंग वाजवायची. ट्रिंग ट्रिंग! मग रेवतीताई फोन उचलायची.

रेवतीताई म्हणजे बिट्टीची आई.

बिट्टी घरी असायची, आजोबांजवळ. दुपारी झोपायची. चारला उठायची. उठली की तिला आई हवी. लगेच हवी. डोंगरापाशी मोबाईल मुका. म्हणून आजोबा ऑफिसात फोन लावून द्यायचे.

"आई, तू आहेस ना?"

"आहे गं बाळा. येतेच."

एवढंच. एवढं ऐकलं की बिट्टी हसायची. आणि एवढं नाही ऐकलं तर? कुणाला ठाऊक! तसं कधी झालंच नव्हतं.

मग आली खंडेनवमी. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. ऑफिसातल्या माणसांनी झाडलं. पुसलं. कॉम्प्युटरला कुंकू लावलं. प्रिंटरला झेंडूची माळ घातली. कोपऱ्यात एक कपाट. कपाटात एक पेटी. त्या पेटीतून सगळे फोन बोलायचे. तिला सगळ्यांत मोठी माळ! आरती झाली. टाळ्या झाल्या. सगळे खाली प्रसादाला गेले.

रेवतीताई जाताना म्हणाली, "चारला वर येते हं. बिट्टीचा फोन येईल."

दिवे बंद. पंखे बंद. पडदे ओढलेले. झेंडूचा वास. आणि कुणीच नाही.

टिंगीने सहज ट्रिंग चाचपली.

ट्रिंग नव्हती!

इकडे पाहिलं. नाही. तिकडे पाहिलं. नाही. टिंगीने तोंड उघडलं. जोर लावला. नुसती हवा आली. फुस्स!

भिंतीवर घड्याळ म्हणालं, टक्. टक्. टक्. तीन वाजून गेले होते.

"अगं बाई!" टिंगी म्हणाली. "चारला बिट्टीचा फोन येणार. ट्रिंग नाही वाजली, तर आईला कळणार कसं?"

टिंगी फोनातून बाहेर आली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

फोनच्या कपाळावर एक दिवा होता. इवलासा. रोज हिरवा. आज मिटलेला.

टिंगी म्हणाली,
"दिव्या दिव्या, डोळा उघड!
टिंगीला ट्रिंग मिळेना."

दिवा मिटल्या मिटल्याच बोलला. "नाही उघडणार. वायर निरोप आणेना. वायरीने निरोप आणला, तर मी डोळा उघडीन. जा वायरीकडे."

टिंगी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टेबलाखाली गेली. तिथे अंधार. तिथे निळी वायर लांबच लांब पडली होती. हलत नव्हती.

टिंगी म्हणाली,
"वायरबाई वायरबाई, निरोप आण!
दिवा डोळा उघडेना,
टिंगीला ट्रिंग मिळेना."

वायर हळूच बोलली. "नाही आणणार. भोक वाट देईना. भोकाने वाट दिली, तर मी निरोप आणीन. जा भोकाकडे."

टिंगी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. भिंतीशी गेली. भिंतीत एक चौकोनी भोक. आत काळंकुट्ट. आतून गार गार वारा आला. हूऽऽऽ.

टिंगी म्हणाली,
"भोकोबा भोकोबा, वाट दे!
वायर निरोप आणेना,
दिवा डोळा उघडेना,
टिंगीला ट्रिंग मिळेना."

भोक खोल आवाजात बोललं. "नाही देणार. पेटी गर्दी हटवेना. पेटीने गर्दी हटवली, तर मी वाट देईन. जा पेटीकडे."

आणि मग भोक अगदी हळू म्हणालं, "ऐक. आत कुणीतरी आहे."

टिंगीने कान लावला.

हॅलो... हॅलो... हॅलो...

घाबरलात? सरका जवळ. मलाही भीती वाटतेय, पण थोडीच. टिंगी तर करंगळीच्या नखाएवढी, आणि ती गेली बघा आत!

भिंतीच्या पोटातून टिंगी चालली. टुपुक टुपुक. हॅलो. टुपुक टुपुक. हॅलो. टुपुक टुपुक. हॅलो.

मागे कुणी नव्हतं. पुढे कुणी नव्हतं. तरी कुणीतरी म्हणत होतं, हॅलो.

कपाटात पेटी होती. पेटीला कुंकू. पेटीला माळ. पेटीवर छोटे छोटे दिवे. रोज ते पाळीपाळीने लुकलुकायचे. आधी हा, मग तो. आज सगळे एकदम. घाईघाईने. लुकलुक लुकलुक लुकलुक लुकलुक! कपाटाची भिंत हिरवी व्हायची, काळी व्हायची, हिरवी व्हायची, काळी व्हायची.

टिंगी म्हणाली,
"पेटीबाई पेटीबाई, गर्दी हटव!
भोक वाट देईना,
वायर निरोप आणेना,
दिवा डोळा उघडेना,
टिंगीला ट्रिंग मिळेना."

पेटीला धाप लागली होती. "नाही... हटवणार. माझ्या पोटात... कोण कोण शिरलंय. पिवळी... शेपूट सोडेना. पिवळीने शेपूट सोडलं, तर मी गर्दी हटवीन. जा पिवळीकडे."

पिवळी कुठे? पिवळी तिथेच. माळेच्या मागे लपलेली.

पिवळी म्हणजे एक आखूड वायर. तिचं तोंड पेटीत. आणि शेपूट? शेपूटही त्याच पेटीत! गोल झाली होती बिचारी. आणि तिच्यातून आवाज पळत होते. गोल गोल, गोल गोल. एक हॅलो साहेबांच्या भावाचा. एक हॅलो खताच्या दुकानदाराचा. एक हॅलो कुणाचाच नाही. तो सगळ्यांत मागे होता. तो हळूहळू चालत होता.

आणि त्या गर्दीत कोण पळत होतं?

टिंगीची ट्रिंग!

"अगं ए!" टिंगीने हात पुढे केला. ट्रिंग आली. सुर्रर्र! गेली. पुन्हा आली. सुर्रर्र! पुन्हा गेली. हाताला लागेना. थांबता येईना तिला.

टिंगीला रडू आलं. पण ती शहाणी. ती म्हणाली,
"पिवळे पिवळे, शेपूट सोड!
पेटी गर्दी हटवेना,
भोक वाट देईना,
वायर निरोप आणेना,
दिवा डोळा उघडेना,
टिंगीला ट्रिंग मिळेना."

पिवळी म्हणाली, "नाही सोडणार. सोडताच येत नाही मला! सकाळी माझं टोक लोंबत होतं. भिकाजीमामाने पाहिलं. त्याला लोंबलेलं आवडत नाही. पेटीतच शेजारचं भोक रिकामं होतं. दिलं त्यात खोचून! वर माळ घातली. नमस्कार केला. आता मामा हात लावेना. मामाने हात लावला, तर मी शेपूट सोडीन. जा मामाकडे."

भिकाजीमामा ऑफिसचा शिपाई. वाईट नव्हता हं तो. नीटनेटका होता. फार फार नीटनेटका. तिथेच तर घोळ झाला.

टिंगी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. कपाटाच्या फटीतून बाहेर आली. बाहेर एक स्टूल. स्टुलावर भिकाजीमामा. पोटभर शिरा खाऊन वर येऊन बसला होता. राखण करत होता, डोळे मिटून. घुर्रर्र. घुर्रर्र.

टिंगी म्हणाली,
"मामा मामा, हात लाव!
पिवळी शेपूट सोडेना,
पेटी गर्दी हटवेना,
भोक वाट देईना,
वायर निरोप आणेना,
दिवा डोळा उघडेना,
टिंगीला ट्रिंग मिळेना."

घुर्रर्र थांबलं. मामाचे डोळे मिटलेलेच. नुसते ओठ हलले.

"नाही लावणार," झोपेतला मामा म्हणाला. "पूजेला हात लावायचा नाही. आधी अक्षत पडली पाहिजे. अक्षत पडली की पूजा हलली. मग मी हात लावीन. अक्षत खाली पडेना. जा अक्षतेकडे."

ओठ मिटले. घुर्रर्र. घुर्रर्र.

अक्षत माहीत आहे ना? कुंकू लावलेला तांदळाचा दाणा. पूजा झाली की देवावर टाकतात, आणि मग देव हलवतात. त्याआधी नाही. भिकाजीमामा याबाबतीत साहेबांचंही ऐकत नसे. गेल्या खंडेनवमीला साहेब म्हणाले होते, "भिकाजी, पंख्याची पूजा तेवढी लवकर हलव रे." मामाने नाही हलवली. साहेब दिवसभर घामाघूम.

टिंगी परत वळली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. कपाटात गेली. पेटीवर चढली. वर फळी होती, फळीवर पितळेची वाटी. वाटीत अक्षता बसल्या होत्या. लाल लाल. दाटीवाटीने. सगळ्या टिंगीकडे बघत होत्या.

टिंगी म्हणाली,
"अक्षते अक्षते, खाली पड!
मामा हात लावेना,
पिवळी शेपूट सोडेना,
पेटी गर्दी हटवेना,
भोक वाट देईना,
वायर निरोप आणेना,
दिवा डोळा उघडेना,
टिंगीला ट्रिंग मिळेना."

सगळ्या अक्षता एका आवाजात बोलल्या. "नाही पडणार. आम्हाला पाय नाहीत. मुंगी दाणा ढकलेना. मुंगीने दाणा ढकलला, तर आम्ही पडू. जा मुंगीकडे."

टिंगी मुंगी शोधू लागली. वाटीच्या या बाजूला नाही. वाटीच्या त्या बाजूला नाही. आणि तेवढ्यात...

टण्!
टण्!
टण्!
टण्!

चार वाजले.

जिन्यावर पावलं वाजली. पट पट, पट पट. रेवतीताई वर आली. फोनसमोर बसली. फोनकडे बघत राहिली. फोन गप्प.

तिने फोन उचलला. कानाला लावला. आत काहीच नाही. वाऱ्याएवढंही नाही. तिने तो खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

आणि कपाटात? कपाटात पिवळ्या वायरीत एक नवा आवाज शिरला. छोटासा. झोपेतून उठलेला.

"आई?"

हॅलो. हॅलो. आई? हॅलो. हॅलो. आई?

बिट्टीचा आवाज पळायला लागला. गोल गोल, गोल गोल. पिवळीच्या तोंडातून आत, पिवळीच्या शेपटीतून बाहेर, पुन्हा तोंडातून आत. मागे चालत होता तो आवाज, कुणाचाच नसलेला. आता तोही जरा भरभर चालू लागला.

"आई, तू आहेस ना?"

आई पाच पावलांवर होती. आईला ऐकू येत नव्हतं.

प्रत्येक फेरीला बिट्टीचा आवाज बारीक होत होता. आई? आई... आ...

टिंगी धावली. टुपुकटुपुकटुपुकटुपुक! फळीच्या टोकाशी गेली. तिथे होती मुंगी. काळी. एकटी. घाईत.

टिंगी रडत रडत म्हणाली,
"मुंगीताई मुंगीताई, दाणा ढकल!
अक्षत खाली पडेना,
मामा हात लावेना,
पिवळी शेपूट सोडेना,
पेटी गर्दी हटवेना,
भोक वाट देईना,
वायर निरोप आणेना,
दिवा डोळा उघडेना,
टिंगीला ट्रिंग मिळेना!"

मुंगी म्हणाली, "नाही ढक..."

आणि थांबली. तिने मिशा उंच केल्या.

"खाली कोण रडतंय?"

"बिट्टी."

"कुणाला हाक मारतेय?"

"आईला. आणि आईला ऐकू येत नाहीये."

मुंगीने "नाही" म्हटलं नाही. "जा कुणाकडे"ही म्हटलं नाही. ती सरळ वाटीत चढली. एक दाणा धरला. हुश्श! ओढला. हुश्श! वाटीच्या काठावर आणला. हुश्श! फळीवर उतरवला. फळीच्या टोकाला नेला. सहाही पाय रोवले, आणि दिला ढकलून!

टप्.

अक्षत पेटीवर पडली!

एवढासा आवाज. पण पूजेच्या बाबतीत भिकाजीमामाचे कान फार तिखट. मामाचे डोळे खाडकन उघडले.

"अक्षत पडली? पूजा हलली?"

मामाने कपाट उघडलं. लुकलुक लुकलुक लुकलुक! मामा मागे सरकला. "अरे बापरे! आत कोण आहे?"

हॅलो, म्हणाला कपाटातला अंधार. हॅलो. हॅलो. आ...

मामाच्या अंगावर काटा आला. पण मामाने हात जोडले. माळ उचलली. मागची पिवळी वायर पाहिली. "हात्तिच्या! ही तर मीच खोचली सकाळी."

मामाने हात लावला. ओढलं.

खट्!

सगळे दिवे विझले. सगळे आवाज थांबले. कपाट काळं झालं. घड्याळसुद्धा गप्प बसलं असं वाटलं.

एक.

दोन.

तीन.

काहीच नाही.

मग एक दिवा म्हणाला, लुक. मग दुसरा म्हणाला, लुक. आधी हा, मग तो. पाळीपाळीने.

मामाने हात लावला,
पिवळीने शेपूट सोडलं,
पेटीने गर्दी हटवली,
भोकाने वाट दिली,
वायरीने निरोप आणला,
दिव्याने डोळा उघडला.

हिरवा! हिरवागार!

आणि ट्रिंग? ट्रिंग धापा टाकत आली. टिंगीच्या मुठीत शिरली. दमली होती, गरम झाली होती, पण होती. टिंगीने तिला घट्ट धरलं. टुपुकटुपुकटुपुक! भिंतीतून, टेबलाखालून, फोनात!

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

सगळ्या टेबलांवरचे फोन वाजू लागले. अडकलेले हॅलो बाहेर पडले. साहेबांच्या भावाचा पडला. खताच्या दुकानदाराचा पडला. आणि तो, कुणाचाच नसलेला? तोही पडला. पडदा जरासा हलला. तो खिडकीतून डोंगराकडे निघून गेला. पुन्हा कुणी त्याला ऐकलं नाही.

रेवतीताईने फोन उचलला.

"हॅलो? बिट्टी?"

नुसता श्वास ऐकू आला. बारीक. भरभर.

"बिट्टी, बाळा, मी आई."

"आई?"

"हो गं!"

"आई, तू कुठे होतीस?"

"इथेच होते. फोनजवळच होते."

"मीपण होते," बिट्टी म्हणाली. "तिथे अंधार होता. खूप जण होते. सगळे पळत होते. मला थांबता येईना. मागून एक जण येत होता."

रेवतीताईने कपाटाकडे पाहिलं. भिकाजीमामा पिवळी वायर हातात धरून उभा होता. मामाने पटकन मान खाली घातली.

"मग गं?" रेवतीताईने विचारलं.

"मग खट् झालं. मग तू आलीस."

"मग आता घाबरायचं नाही."

"मी घाबरले नाही," बिट्टी म्हणाली. "मी तुला हाक मारत होते. मारतच होते. तू ऐकेपर्यंत."

रेवतीताईने फोन गालाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "ऐकलं गं बाळा. निघालेच मी."

टिंगी फोनात गप्प बसली. आई बोलत असली की ट्रिंग वाजवायची नसते.

मुंगी भिंतीवरून खाली उतरली. पेटीवरचा दाणा उचलून चालू लागली. मामाने पाहिलं, आणि तिला वाट दिली.

मुंगीचा दाणा मुंगीला,
टिंगीची ट्रिंग टिंगीला,
बिट्टीची आई बिट्टीला.